मित्रांची यादी कोणाची?

मार्च २०१९ मध्ये संगणकावर गेम खेळणाऱ्यांच्या जगात एका लहानशा फाईलवरून मोठा गदारोळ झाला. एपिक गेम्स या अमेरिकी कंपनीने आपलं ऑनलाइन गेमचं दुकान उघडून जेमतेम तीन महिने झाले होते. काही चौकस खेळाडूंना आढळलं, की या दुकानाचं सॉफ्टवेअर संगणकावर बसवलं, की ते न विचारता प्रतिस्पर्धी दुकानाची, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीमची, एक फाईल वाचतं आणि तिची नक्कल स्वतःपाशी करून ठेवतं. तुमचे स्टीमवरचे मित्र कोण, त्यांनी पूर्वी कोणकोणती नावं घेतली होती, तुम्ही कोणता गेम किती वेळ खेळलात, असा बराच ऐवज त्या फाईलमध्ये असतो.

एपिकचा खुलासा लगेच आला. नक्कल संगणकावरच राहते. तुम्ही ‘स्टीमवरचे मित्र इथे आणा’ असं स्वतः सांगितलंत तरच मित्रांचे खातेक्रमांक, तेही सांकेतिक रूपात, आमच्याकडे येतात, असं कंपनीने म्हटलं. सॉफ्टवेअर चालू असलेले प्रोग्रॅमही तपासतं, ते कशाला? तर गेम चालू असताना त्याचं अपडेट सुरू होऊ नये म्हणून. कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी मात्र एक गोष्ट सरळ मान्य केली: परवानगी मिळण्याआधी त्या फाईलला हात लावायला नको होता. कंपनीचा फोर्टनाइट हा गेम अचानक तुफान चालला तेव्हा मित्र जोडण्याची सोय घाईघाईत केली गेली, त्या घाईचा हा उरलेला अवशेष, असं त्यांचं म्हणणं. व्हॉल्व्हनेही निवेदन काढलं. ही फाईल खेळाडूच्या संगणकावर असली तरी ती इतर प्रोग्रॅमनी वाचण्यासाठी किंवा तिसऱ्याकडे पाठवण्यासाठी नाही, असा त्याचा सूर होता.

चर्चा तिथेच अडकली. एपिक हेरगिरी करते की नाही, यावर महिनाभर शब्दयुद्ध चाललं. मला त्या प्रकरणातला दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. अब्जावधी डॉलरची कंपनी, जगातल्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या गेमपैकी एकाची मालक. तिला प्रतिस्पर्ध्याच्या फोल्डरमध्ये डोकवावंसं का वाटलं? कारण गेमच्या धंद्यात खरी दौलत गेम नाहीत. तुम्ही कोणाबरोबर खेळता, ही दौलत आहे. ती तुमची असूनही तुमच्या हातात नाही. व्हॉल्व्ह तिला खाजगी माहिती म्हणून कुलूप लावते, एपिक ते कुलूप टाळून आत शिरते, आणि दोघीही हे खेळाडूच्या भल्यासाठी चाललंय असं सांगतात. गोपनीयता आणि स्पर्धा हे दोन वेगळे विषय समजून आपण त्यांच्यावर वेगवेगळे कायदे करतो. इथे ते एकाच फाईलमध्ये होते.

स्टीम इतकं बलाढ्य कसं झालं, हे यासाठी पाहायला हवं. मायक्रोसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये व्हॉल्व्ह काढली. सप्टेंबर २००३ मध्ये स्टीम आलं ते मुख्यतः स्वतःच्या गेमचे अपडेट पोचवण्यासाठी. पुढच्याच वर्षी व्हॉल्व्हचा ‘हाफ-लाइफ २’ बाजारात आला आणि पैसे मोजून डबा घरी आणलेल्यालाही स्टीमचं खातं उघडल्याशिवाय तो खेळता येईना. तेव्हा लोक भरपूर चिडले होते. आज तेच लोक स्टीमचे सर्वांत निष्ठावान गिऱ्हाईक आहेत, आणि यात नुसता विसरभोळेपणा नाही. स्टीमने सोयी खरोखर दिल्या. अर्धवट खेळलेला गेम दुसऱ्या संगणकावर तिथूनच पुढे सुरू होतो, खेळाडूंनी लिहिलेली परीक्षणं वाचता येतात, मोठमोठे सेल लागतात, २०१५ पासून ठरावीक अटींवर पैसे परत मिळतात. त्याच वर्षी रुपयांत किमती दिसू लागल्या आणि डॉलरचा हिशेब करत बसणाऱ्या इथल्या पोरांची सोय झाली. मार्च २०२५ मध्ये एकाच वेळी चार कोटींहून अधिक लोक स्टीमवर हजर होते.

पण या सोयींच्या आत एक गाठ आहे. दहा वर्षं घेतलेले दोनशे गेम एका खात्यात साठतात. ते दुसरीकडे नेता येत नाहीत, विकता येत नाहीत, मुलाच्या नावावर करता येत नाहीत. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये विकत घेतलेला डिजिटल गेम पुन्हा विकण्याचा हक्क खेळाडूला आहे असं म्हटलं होतं. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. कॅलिफोर्नियाने निदान एवढं केलं, की २०२५ पासून दुकानाने गिऱ्हाइकाला ‘तुम्ही माल नाही, परवाना घेताय’ हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगायला हवं. स्टीमने तशी पाटी आधीच लावली. पाटीने गाठ सुटत नाही, ती फक्त दिसते.

एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये या गाठीवर घाव घालायला आलं. स्टीम विक्रीतले ३० टक्के घेतं. मोठ्या खपाच्या गेमसाठी हा वाटा २५ आणि मग २० टक्क्यांवर येतो, आणि ही सवलतही एपिकच्या घोषणेच्या तोंडावरच जाहीर झाली. एपिकने १२ टक्के मागितले. गेम करणाऱ्यांना हा फरक किती मोठा आहे? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम काढला. अशा मूठभर माणसांच्या स्टुडिओने हजार रुपयांचा गेम विकला, तर तेव्हा एका दुकानात ३०० रुपये जात, दुसऱ्यात १२०. लहान स्टुडिओला पुढचा गेम काढता येणार की नाही, हे या १८० रुपयांवर ठरू शकत होतं. आडतीचा हा हिशेब शेतमालाच्या बाजारात आपल्याकडे प्रत्येकाला कळतो.

मग निर्माते धावत सुटायला हवे होते. निर्माते आलेही असते, गिऱ्हाईक येईना. मित्र तिकडे, जुने गेम तिकडे. १२ टक्क्यांचा फायदा निर्मात्याला, खेळाडूला त्यात काय? ‘मेट्रो एक्झोडस’सारखा एखादा गेम अमेरिकेत दहा डॉलरने स्वस्त मिळाला, पण तो अपवादच. त्यामुळे एपिकने दोन जुने उपाय काढले. पहिला, फुकट वाटप: पंधरवड्याला आणि पुढे दर आठवड्याला एखादा गेम मोफत. दुसरा, मक्ता: ठरावीक काळ हा गेम फक्त आमच्याकडे, त्याबद्दल निर्मात्याला खात्रीची रक्कम. ‘मेट्रो एक्झोडस’ प्रसिद्धीच्या दोनतीन आठवडे आधी स्टीमवरून उचलला गेला. ‘बॉर्डरलँड्स ३’साठी एपिकने दहा कोटी डॉलरच्या वर रक्कम बांधली होती, हे पुढे ॲपलविरुद्धच्या खटल्यातल्या कागदपत्रांतून बाहेर आलं. खेळाडूंनी राग काढला तो त्याच मालिकेच्या जुन्या, निरपराध गेमना स्टीमवर शिव्या देऊन.

गंमत म्हणजे एवढे पैसे ओतणाऱ्या या दुकानात खरेदीची टोपलीसुद्धा नव्हती. एक गेम घ्या, पैसे भरा, पुन्हा आत या, दुसरा घ्या. मे २०१९ च्या सेलमध्ये असे पाठोपाठ गेम घेणाऱ्या काही गिऱ्हाइकांची खाती यंत्रणेने लबाडीचा संशय घेऊन अडवली. टोपली आली ती डिसेंबर २०२१ मध्ये. दुकान चांगलं करण्यावर खर्च करण्याऐवजी एपिकने गिऱ्हाइकाची गाठ तोडण्यावर खर्च केला, हा आरोप मला रास्त वाटतो. पण एपिकच्या जागी बसून विचार केला तर ते मूर्खपणाचंही नव्हतं. सगळ्या सोयी देऊनही मित्र तिकडेच राहणार असतील, तर आधी मित्रच उचलायला हवेत. त्या फाईलची नक्कल याच हिशेबातून आली. कोणीतरी घाईत लिहिलेला कोड म्हणून ती सोडून देता येईल, पण ती घाई कशाची होती हे विसरू नये.

आता व्हॉल्व्हच्या सोवळेपणाबद्दल. फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉल्व्हची फसवेगिरी पकडणारी यंत्रणा खेळाडूंचा संगणक कोणकोणत्या संकेतस्थळांशी बोलला याची नोंद तपासते, असं उघड झालं. न्यूवेल यांना स्वतः खुलासा करावा लागला: फसवेगिरीचं सॉफ्टवेअर ज्यांच्याकडे आधीच सापडलं त्यांचीच ही तपासणी झाली, एक हजारात एकापेक्षाही कमी संगणक तपासले गेले, ५७० जणांवर बंदी आली. खुलासा पटण्याजोगा होता. पण परवानगी कोणाची घेतली होती? २०१५ च्या नाताळात तर एका तांत्रिक चुकीने सुमारे ३४ हजार लोकांची पानं, पत्ते आणि खरेदीच्या तपशिलांसह, भलत्यांनाच दिसली. त्याआधी २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ओरिजिन या दुकानाचा करारनामा जर्मनीत इतका वादग्रस्त ठरला, की कंपनीला त्यातली भाषा बदलावी लागली. संगणकावरच्या माहितीत हवं तसं डोकावण्याची मुभा त्यात घेतलेली होती. तेव्हा एपिकचा गुन्हा वेगळा नव्हता. ज्याच्या घरात ती डोकावली ते नुसतं गिऱ्हाईक नव्हतं, दुसरा दुकानदार होता, म्हणून आवाज एवढा झाला.

त्या आवाजात आणखी एक सूर मिसळला होता, त्याकडे काणाडोळा करून चालणार नाही. चीनच्या टेन्सेंट कंपनीने २०१२ मध्ये ३३ कोटी डॉलर देऊन एपिकचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. त्यावरून ‘माहिती बीजिंगला जाते’ अशी आवई उठली. त्या फाईलपुरता असा कोणताही पुरावा समोर आला नाही, आणि कंपनीचा ताबा स्वीनी यांच्याकडेच आहे. आपल्याला हे वातावरण ओळखीचं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजी मोबाइलसकट ११८ ॲपवर बंदी घातली, टेन्सेंटकडून भारतातले हक्क काढून घेतले गेले, आणि २०२१ च्या जुलैमध्ये तोच गेम नव्या नावाने परत आला. पोरं पुन्हा खेळू लागली. राष्ट्रसुरक्षेची चिंता खोटी असते असं मी म्हणत नाही. माहिती कुठल्या देशात जाते एवढाच प्रश्न विचारला, की ती मुळात का गोळा होते हा प्रश्न निसटतो. टेन्सेंटच्या हिश्श्याने खरी अडचण जिथे केली ती बाब निराळीच निघाली: रायट गेम्स या स्पर्धक कंपनीची मालक असलेल्या टेन्सेंटची माणसं एपिकच्या संचालक मंडळावर बसतात, याला अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पर्धा कायद्याखाली आक्षेप घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये दोन संचालकांनी पद सोडलं. हेरगिरी राहिली अफवांत. कारवाई झाली ती स्पर्धेवरून.

एपिकवर सर्वांत जड कारवाई मात्र दुसऱ्याच दाराने आली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या गोपनीयतेचा कायदा मोडल्याबद्दल: तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता घेतली, अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय आपोआप चालू ठेवली. उरलेले साडेचोवीस कोटी गिऱ्हाइकांना परत करण्यासाठी, कारण बटणांची मांडणीच अशी होती की चुकून खरेदी व्हावी. या आदेशातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. ज्यांनी बँकेकडे तक्रार करून चुकीचे पैसे परत मागितले, त्यांची खाती एपिकने बंद केली. पैसे देऊन घेतलेलं सगळं त्या खात्यात अडकलं. तक्रार केलीत तर दहा वर्षांचा संग्रह जाईल, या भीतीपुढे कुठलं गिऱ्हाईक तोंड उघडेल? मक्तेदारी हे एखाद्या दुकानाच्या आकाराचं नाव आहे असं आपण समजतो. खात्यात माणूस एकदा अडकला की १२ टक्के घेणारं नवं दुकानही त्याच्याशी मक्तेदारासारखं वागू शकतं.

स्टीमविरुद्धचा मोठा खटला सिॲटलच्या न्यायालयात चालू आहे. वुल्फायर या लहान स्टुडिओने २०२१ मध्ये तो दाखल केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला सर्व निर्मात्यांच्या वतीचा सामूहिक खटला म्हणून मान्यता दिली. आरोप असा, की दुसऱ्या दुकानात गेम स्वस्त विकाल तर स्टीमवरून काढू, असा दम व्हॉल्व्ह देते. व्हॉल्व्ह आरोप नाकारते. निकाल लागायचा आहे. आरोप खरा ठरला तर १२ टक्क्यांचा फायदा खेळाडूच्या खिशापर्यंत का पोचला नाही, याचं अर्धं उत्तर मिळेल. उरलेलं अर्धं उत्तर कुठल्याच करारात नसेल. ते मित्रांच्या यादीत आहे. ज्याला जागा सोडता येत नाही त्याच्यासाठी कोणी किंमत उतरवत नाही.

कायदेवाल्यांना हा धागा दिसू लागला आहे. फेसबुकने निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकत्र करणं हा बाजारातल्या बळाचा गैरवापर आहे, असं जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरवलं. स्पर्धा तपासताना गोपनीयतेचे नियम पाहता येतात, यावर युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्कामोर्तब केलं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. ‘मान्य करा नाहीतर निघा’ हे ऐकणाऱ्याला निघायला जागाच नव्हती, हा त्यातला मुद्दा. पुढे अपिलात न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, माहिती वापरण्यावरची पाच वर्षांची बंदी तेवढी काढली.

पण दंड हा नंतरचा उपाय. निघण्याची वाट आधीच असावी, हे त्याहून स्वस्त. भारताने हे एकदा करून पाहिलं आहे. जानेवारी २०११ पासून मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ‘नंबर बदलला तर सगळ्यांना कळवावं लागेल’ ही भीती गेली आणि कंपन्यांच्या हातातलं एक मोठं कुलूप निकामी झालं. खेळाडूच्या मित्रांची यादी, खेळल्याचा इतिहास, मिळवलेली पदकं यांचं तेच व्हायला हवं. कुठल्याही दुकानाने, खेळाडूने मागितल्यावर आणि फक्त त्याने मागितल्यावर, ती दुसऱ्या दुकानाला वाचता येईल अशा रूपात द्यावी. तशी सोय असती तर एपिकला फाईल चोरून वाचायचं कारण उरलं नसतं, आणि व्हॉल्व्हला गोपनीयतेच्या नावाखाली स्वतःचं गिऱ्हाईक राखता आलं नसतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. माझ्या मित्रांची यादी एकट्या माझी नाही; तिच्यात मित्रांची नावं आहेत आणि त्यांनी दुसऱ्या दुकानाला काही परवानगी दिलेली नाही. मी यादी घेऊन गेलो तर त्यांची माहितीही माझ्याबरोबर जाईल. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकवर नेमकं हेच झालं होतं: थोड्या लोकांनी एक ॲप वापरलं आणि त्यांच्या कोट्यवधी मित्रांची माहिती त्यातून गळली. हा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र त्याचं उत्तर यादी बंद ठेवण्यात नाही. यादी सांकेतिक खुणांच्या रूपात जाईल, नवं दुकान मला नावं दाखवणार नाही; माझे मित्र तिथे स्वतः आले आणि त्यांनीही शोधू द्यायला होकार दिला, तरच जोड्या जुळतील. दोन्ही टोकांचा होकार नसेल तर सांकेतिक खूण पुसून टाकायची. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. एपिकने सांकेतिक क्रमांकांचा मार्ग वापरलाच होता. तिचं चुकलं ते होकाराच्या आधी हात घालण्यात.

गेमचा संग्रह नेता येणं त्याहून कठीण, कारण तिथे निर्मात्याचा परवाना आडवा येतो. तरी अशक्य नाही. पोलंडच्या गॉग या दुकानाने २०१६ मध्ये स्टीमवर घेतलेले काही ठरावीक गेम, निर्मात्यांच्या संमतीने, आपल्याकडेही फुकट देऊन दाखवले. शिवाय गॉग कुलूप नसलेले गेम विकतं: एकदा उतरवून घेतला की तो खात्याशिवाय चालतो. दुकान बुडालं तरी गेम उरतो. युबिसॉफ्टने मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा पैसे दिलेल्यांच्या हातात काय उरलं, ते त्यांनाच विचारा.

युरोपच्या माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१८ पासून आहे. बलाढ्य कंपन्यांना लावलेल्या युरोपच्या नव्या डिजिटल बाजार कायद्यात तो आणखी कडक केला, पण त्या कंपन्यांच्या यादीत स्टीमचं नाव नाही. आपली गोष्ट जास्त चमत्कारिक आहे. मुंबई उच्च न्यायालयात घडलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला त्यात हा हक्क होता. २०१९ च्या सरकारी विधेयकातही तो राहिला. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला त्यातून तो गाळलेला आहे. मुलांच्या बाबतीत हा कायदा युरोप-अमेरिकेहूनही कडक आहे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई करतो. पण अठरा वर्षांच्या पोराला ‘हे दुकान नको, माझं सामान द्या, मी चाललो’ असं म्हणण्याचा अधिकार तो देत नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात माहिती नेण्याची तरतूद होती, पण ती अवाढव्य उलाढालीच्या कंपन्यांपुरतीच.

संसदेत आपले खासदार गेमबद्दल बोलतात तेव्हा विषय व्यसनाचा किंवा जुगाराचा असतो. तेही बोलावं. त्याबरोबर २०१९ च्या विधेयकातलं ते गाळलेलं कलम परत आणण्याची मागणी त्यांनी करावी, आणि ती करायला त्यांना मतदारांनी, विशेषतः ज्यांच्या घरात एखादं स्टीमचं किंवा एपिकचं खातं आहे त्यांनी, भाग पाडावं.